येऊरमध्ये सुतारपक्षी दिसायचा कसा आणि ओळखायचा कसा?

तुमचा प्रश्न असा की ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात टकटक ऐकू येते पण पक्षी दिसत नाही, आणि दिसलाच तर कुठला सुतार ते कळत नाही.

आधी ती टकटक कोणाची हे तपासा. ‘टुक, टुक, टुक’ असा एका लयीत बराच वेळ चालणारा आवाज तांबट पक्ष्याचा. तो त्याच्या गळ्यातून येतो आणि पक्षी बहुधा निष्पर्ण शेंड्यावर बसलेला असतो. सुताराचं ठोकणं तुटक असतं: तीन-चार ठोके, मध्ये थोडी शांतता, पुन्हा दोन. जवळ असाल तर सालीचे बारीक कपचे खाली पडताना दिसतात.

माणूस दिसला की सुतार खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. त्याच्यामागे झाडाभोवती फिरू नका, तो तुमच्याबरोबर फिरत राहील. गप्प उभे राहा आणि नजर थोडी वर ठेवा, कारण तो खोडावर वर चढत जातो. पुढच्या झाडाकडे मात्र उडताना बऱ्याचदा बुंध्याजवळ उतरतो.

माझं स्पष्ट मत आहे की जंगलात जाण्याआधी सोनपाठी सुतार पाठ करा. ठाण्यात, नवी मुंबईत सोसायटीतल्या नारळावर किंवा रेन ट्रीवरही तो भेटतो. सोनेरी पाठ, काळा कंबरेचा भाग आणि पांढऱ्या ठिपक्यांचा काळा कंठ या त्याच्या खुणा. नराचं डोकं पूर्ण लाल असतं. मादीची शेंडी लाल, पण कपाळ काळं आणि त्यावर पांढरे ठिपके. ओरडणं मोठं, खिदळल्यासारखं. खंड्याच्या ओरडण्याशी गल्लत होते, म्हणून पक्षी दिसेपर्यंत नोंद करू नका.

हा पक्का झाला की वेगळा सुतार आपोआप डोळ्यात भरतो. सोनेरी पंखांच्या मधोमध पांढरी पाठ दिसली तर तो पांढऱ्या मानेचा सुतार. याच्या मादीचा माथा पिवळा असतो. चिमणीपेक्षाही लहान, बारीक फांद्यांवर चढणारा दिसला तर छोटा सुतार. निखार, कोतवाल, शिलींध्री या पक्ष्यांचा मिश्र थवा आला की त्यात याला जरूर शोधा.

माझा सगळ्यात आवडता तांबूस सुतार. अंगभर विटकरी रंग, त्यावर बारीक काळ्या रेघा, चोच काळी. झाडावर मुंग्यांचं चेंडूसारखं तपकिरी घरटं दिसलं तर तिथे थांबा. त्या मुंग्या तो खातो आणि त्यांच्याच घरट्यात पोकळी करून अंडीही घालतो!

फेब्रुवारी-मार्च सर्वात सोयीचा. साग निष्पर्ण असतो, सावर-पांगारा फुललेले असतात आणि फुलांतल्या मधासाठी सुतारही तिथे येतात. सकाळी लवकर पोहोचा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, त्यामुळे वनखात्याचे नियम पाळा. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवू नका. विणीच्या काळात त्याला घरटं सोडून यावं लागतं.

फोटो मिळाला नाही तरी पाठीचा रंग, कंठ, शेंडी आणि झाड कोणतं एवढं लिहून इथे टाका. ओळखायला मदत करतो.