ठरवलेले व्होल्टेज आणि मिळणारे व्होल्टेज

प्रश्न : माझ्या घरच्या संगणकात इंटेल कोअर आय-५ ८६००के हा प्रोसेसर आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या सर्व कोअरचा वेग ४.१ वरून ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत वाढवला आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) १.३० व्होल्ट ठरवून दिले. मात्र ताणचाचणी (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) सुरू होताच आकडा १.२३ वर येतो आणि चाचणी थांबली की पुन्हा १.३० दिसू लागतो. आमच्याकडे विजेचा दाब वरखाली होतो म्हणून स्टॅबिलायझर बसवला, तरी फरक पडला नाही. लोड-लाइन कॅलिब्रेशन (ताणाखाली होणारी व्होल्टेजची घट कमी करणारे बायोसमधील सेटिंग) सर्वांत वरच्या पातळीवर ठेवावे, असे मित्र सुचवतो. तसे करावे का? वडिलांचे चादरींच्या जॅकार्ड नक्षीचे कामही याच संगणकावर चालते.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : स्टॅबिलायझरचा खर्च या कामी वाया गेला, असेच म्हणावे लागेल. घरातील २३० व्होल्टचे एसएमपीएस (संगणकातील वीजपुरवठ्याचा डबा) १२ व्होल्ट करते आणि मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी असलेला व्हीआरएम (व्होल्टेज नियंत्रक) त्याचे सव्वा व्होल्टच्या आसपास रूपांतर करतो. त्यामुळे भिंतीतील चढउतार तिथवर पोहोचत नाहीत. आपल्याला दिसणारी घट मुद्दाम ठेवलेली आहे. व्होल्टेज इतके कमी असल्यामुळे प्रवाह प्रचंड असतो : ताणाखाली ८६ वॅट खर्च होत असतील, तर १.२३ व्होल्टला सुमारे ७० अँपिअर वाहतात, आणि लोड-लाइन, म्हणजे प्रवाहाच्या प्रमाणात व्होल्टेज उतरवणारा ठरावीक रोध, एक मिलिओहम धरली तरी नेमके ०.०७ व्होल्ट कमी होतात.

ही घट का ठेवतात, हे समजले की मित्राचा सल्ला का धोक्याचा ते कळेल. काम एकाएकी थांबते तेव्हा व्हीआरएममधील कॉइलमधून वाहणारा प्रवाह त्याच क्षणी थांबत नाही आणि व्होल्टेज क्षणभर उसळते. ही उसळी १.२३ वरून निघाली तर तिला वर जागा असते. कॅलिब्रेशन कमाल करून ताणाखालीही १.३० कायम ठेवले, तर तीच उसळी ठरवलेल्या आकड्याच्या वर जाते, आणि सेकंदातून एखाद्या वेळी नोंद घेणाऱ्या सॉफ्टवेअरला ती दिसतही नाही. म्हणून मधली पातळी ठेवावी आणि ताणाखालचा आकडा हाच आपला खरा आकडा मानावा. जादा व्होल्टेजने होणारी झीज भरून येत नाही : इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील बिघाडामागे वाढीव व्होल्टेज असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले आणि ऑगस्टमध्ये मायक्रोकोडद्वारे (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांद्वारे) १.५५ व्होल्टची मर्यादा घातली. तो आकडा त्या पिढीचा आहे; आपण त्याच्या जवळपासही जाऊ नये.

मला अधिक काळजी वाटते ती उन्हाळ्याची. प्रोसेसर काम करताना खर्च करतो ती (गतिमान) वीज वेगाच्या पटीत, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. पूर्वी ताणाखाली १.१० व्होल्ट लागत होते असे धरले, तर वेग १५ टक्के वाढवण्यासाठी आपण उष्णता सुमारे ४३ टक्क्यांनी वाढवली आहे. कूलर खोलीच्या हवेपेक्षा किती अंश वर ठेवतो, एवढेच त्याच्या हाती असते. दिवाळीत खोलीत २४ अंश असताना प्रोसेसर ८२ अंशांवर असेल, तर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत तो ९६ वर जाईल, आणि १०० अंशांना हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. घराजवळ माग चालत असतील, तर कूलरच्या पात्यांत अडकणारे कापसाचे तंतू त्यात भर घालतात.

तेव्हा वेग ४.५ गिगाहर्ट्झवर आणून व्होल्टेज ०.०१ च्या टप्प्याने खाली आणावे, आणि प्रत्येक टप्प्याला ताणचाचणी घ्यावी. संगणक बंद पडला नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे समजू नये. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ‘WHEA’ नावाची, म्हणजे हार्डवेअरची, एकही त्रुटी दिसली, तर व्होल्टेज एक-दोन टप्पे वाढवावे, कारण अशा अस्थिर संगणकावर नक्षीची फाइल मुकाट्याने बिघडू शकते. वडिलांच्या फाइलींची प्रत तोवर वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि शेवटची चाचणी मे महिन्यातील दुपारी, पंखा बंद करून घ्यावी.