दादरचा फ्लॅट फॉर्ममध्ये लिहायचा की नाही?

अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका मुलीचं पत्र आलंय. नवऱ्याची नोकरी गेली, आठ महिने घर क्रेडिट कार्डांवर चाललं, आता कार्डांचे 58 हजार डॉलर झालेत आणि होम लोनचे दोन हप्ते थकलेत. नवऱ्याला परत नोकरी लागलीय पण पगार कमी. मित्र म्हणतायत चॅप्टर 7 करा, म्हणजे कोर्टात बँकरप्सी (दिवाळखोरी) मागून कर्ज माफ करून घ्या, आणि मोकळे व्हा. आणि पत्राच्या अगदी शेवटी जाता जाता विचारल्यासारखं, "काका, दादरला बाबांचा फ्लॅट आहे, ते गेल्यावर माझं आणि दादाचं नाव लागलंय, पण तो इंडियात आहे म्हणजे सांगायची गरज नाही ना?"

अगं, तुझं खरं पत्र ह्या एकाच ओळीत आहे. बाकीचं नंतर बघू.

गरज आहे. तिथला कायदा म्हणतो मालमत्ता जगात कुठेही असो, बँकरप्सीच्या फॉर्ममधल्या यादीत आली पाहिजे, आणि त्या यादीवर तू शपथेवर सही करणार असतेस. ट्रस्टी, म्हणजे तुमची मालमत्ता तपासायला नेमलेला माणूस, काही गोखले रोडला येऊन कुलूप तोडणार नाही, पण लपवलेलं सापडलं तर कर्जमाफी जाते, आणि वर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुसत्या बँकरप्सीने ग्रीन कार्ड जात नाही, फ्रॉडच्या शिक्षेने मात्र ते धोक्यात येतं.

आई म्हणतायत तसं दादाच्या नावावर बक्षीसपत्र करून टाकू, हेही नको. मागच्या दोन वर्षांतले असे व्यवहार कोर्ट उलटवू शकतं, राज्याच्या कायद्याने तर त्याच्याही आधीचे उलटवता येतात. आणि मामांचे उसने घेतलेले पैसे आधी फेडून टाकू असं लिहिलंयस ना, तेही थांबव, कारण फाइल करायच्या आधीच्या वर्षभरात नातेवाईकाला फेडलेले पैसे ट्रस्टी परत मागू शकतो. मामांना अमेरिकेतून वकिलाचं पत्र येईल, दिवाळीत काय तोंड दाखवशील?

आता तुमचं तिकडचं घर. तू लिहिलंयस किंमत 5,40,000 आणि कर्ज 4,10,000, म्हणजे तुमचे 1,30,000 घरात अडकलेत. घराच्या किमतीतला काही भाग कायद्याने वाचतो, त्याला सूट म्हणतात. न्यू जर्सीत घरासाठी राज्याची वेगळी सूट नाही, केंद्राची घ्यावी लागते, ती एप्रिल 2025 पासून माणशी 31,575 डॉलर, दोघांनी मिळून फाइल केलं तर 63,150. विक्रीचा खर्च धरला तरी वर बरंच उरतं, म्हणजे चॅप्टर 7 मध्ये ट्रस्टी घर विकायला काढू शकतो. टेक्सासमधल्या मित्राने केलं आणि त्याचं घर वाचलं, हो, पण तिथे शहरातल्या घराला रकमेची मर्यादाच नाही. त्याचा सल्ला त्याच्या राज्यात बरोबर आहे.

बँकरप्सीचाच दुसरा प्रकार, हप्त्यांनी फेडायचा चॅप्टर 13, त्यात घर राहतं, थकलेले हप्ते तीन ते पाच वर्षांत भरता येतात, फाइल केल्या केल्या घराची जप्ती थांबते. पण अट अशी की चॅप्टर 7 मध्ये कार्डवाल्यांना जेवढं मिळालं असतं तेवढं तरी द्यावंच लागतं, आणि त्या हिशोबात दादरचा तुझा अर्धा हिस्सा धरला की तुम्हाला जवळपास सगळंच फेडावं लागेल. मग कोर्टाची पायरी चढून मिळवलं काय?

एक गोष्ट बघ मात्र. पाचांपैकी तीन कार्डं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहेत. तो एकटा फाइल करणार असेल तर तुझा वारसाहक्काचा हिस्सा साधारणपणे त्याच्या यादीत येत नाही. हे वकिलाला पहिल्याच मीटिंगमध्ये विचार.

माझं मत विचारशील तर आधी ना-नफा तत्त्वावरच्या क्रेडिट कौन्सेलिंग संस्थेकडे जा, बँकरप्सीला जायचं असलं तरी ते कौन्सेलिंग आधी करावंच लागतं. ते कार्डवाल्यांशी बोलून व्याज कमी करून घेतात. समजा आठ टक्क्यांच्या आसपास आलं, तर पाच वर्षं महिना साधारण 1,180 डॉलर. कार्डं बंद होतात, होऊ देत. थकलेल्या दोन हप्त्यांसाठी होम लोनवाल्यांना वेगळा फोन कर, आजच कर. रेडिओवर जाहिरात करणाऱ्या सेटलमेंटवाल्यांच्या नादी लागू नका, ते हप्ते भरू नका सांगतात आणि माफ झालेल्या रकमेवर बऱ्याचदा टॅक्स बसतो. घरावर दुसरं कर्ज काढून कार्डं फेडायची तर बिलकुल नाही, कार्ड बुडालं तर क्रेडिट स्कोअर जातो, ते कर्ज बुडालं तर घर जातं. मी 31 वर्षं बँकेत वसुलीला होतो, ही चूक करणारे सगळे हुशारच असायचे. 401के, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यालाही, हात लावू नका, तो पैसा बँकरप्सीतही सुरक्षित असतो.

आणि दादाला खरंच फ्लॅट हवाय ना? मग त्याने तुझा हिस्सा बाजारभावाने विकत घ्यावा, व्हॅल्युअरचा रिपोर्ट काढून, पैसे चेकने. एनआरआय म्हणून टीडीएस कापला जाईल, तो कमी करायचं सर्टिफिकेट आधी काढ. पैसे एनआरओ खात्यातून (एनआरआयचं इथलं रुपयांचं बँक खातं) वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएचं सर्टिफिकेट लागतं. पण वकिलाशी बोलल्याशिवाय ह्यातलं काहीच सुरू करू नकोस.

आजच दादाला सांग, कपाटातून सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढून दोन्ही बाजूंचा फोटो पाठव. नावं मागच्या बाजूला चढवलेली असतात, आणि बऱ्याच घरांत तिथे अजून वडिलांचंच नाव निघतं.