‘आनुवंशिक’, ‘जन्मजात’ आणि पोकळ वासा

अमेरिकेतील अँगस जातीच्या गुरांमधील व्यंगांविषयीचे एक माहितीपत्रक मराठीत आणणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, स्वतः धडधाकट असूनही ज्याच्या वासरांत व्यंग उतरू शकते, अशा वळूला ‘अनुवांशिक रोग असलेला वळू’ म्हणावे की ‘जन्मजात दोषी वळू’. यांपैकी काहीही म्हणू नये. पहिल्यात शब्द अशुद्ध आहे, दुसऱ्यात अर्थ चुकीचा आहे, आणि दोन्हींत त्या वळूवर अन्याय आहे.

अशुद्धीचे आधी आटोपतो. ‘समाज’ला ‘इक’ प्रत्यय लागून ‘सामाजिक’ होते, तसे ‘अनुवंश’चे ‘आनुवंशिक’ होते. वृद्धी, म्हणजे ‘अ’चा ‘आ’ होण्यासारखा स्वरबदल, पहिल्या स्वराची होते, मधल्याच कुठल्या तरी स्वराची नव्हे. तरीही ‘अनुवांशिक’ इतका रुळला आहे की, माझ्या एका लेखात मी शुद्ध लिहिलेला शब्द मुद्रितशोधकांनी तीन ठिकाणी ‘सुधारून’ छापला. ‘पारलौकिक’मध्ये दोन्ही पदांची वृद्धी चालते, मग येथे का नको, असा युक्तिवाद एका संस्कृतज्ञ स्नेह्यांनी मला ऐकवला. पाणिनीच्या ‘अनुशतिकादीनां च’ (७.३.२०) या सूत्राची ती सवलत येथे ओढूनताणून लावली, तरी हाती ‘आनुवांशिक’ लागेल, ‘अनुवांशिक’ कोणत्याही सूत्राने लागणार नाही. स्नेह्यांनी त्यानंतर विषय बदलला.

‘जन्मजात’ची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण येथे शब्द चुकला की शोधच चुकतो. जन्मतः दिसते ते जन्मजात, आणि वंशातून उतरते ते आनुवंशिक. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणांत ल्युपिन नावाची एक शेंगवर्गीय वनस्पती उगवते. गर्भधारणेनंतर साधारणपणे चाळिसाव्या ते शंभराव्या दिवसांच्या दरम्यान गाईने तिच्या काही विषारी जाती खाल्ल्या, तर वासरू वाकड्या पायांचे किंवा वाकड्या कण्याचे जन्मू शकते. ते व्यंग जन्मजात खरे, पण त्यात वळूचा काडीइतकाही हात नसतो. याउलट अँगस गुरांमध्ये ‘कर्ली काफ’ या नावाने ओळखले जाणारे व्यंग, म्हणजे अर्थ्रोग्रायपोसिस मल्टिप्लेक्स, पूर्णपणे आनुवंशिक आहे: वासरू मृतच जन्मते, कणा पिळवटलेला, सांधे आखडलेले आणि अंगावर मांस जवळजवळ नाहीच. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही वासरे सारखीच वाटू शकतात. म्हणूनच असे वासरू गुपचूप पुरून न टाकता त्याची छायाचित्रे, त्याच्या कानाचा तुकडा, गाईचे व वळूचे रक्ताचे नमुने आणि गाभणकाळात गाय कोणत्या कुरणात चरली याची नोंद, एवढे सगळे पशुवैद्यांमार्फत त्या जातीच्या गुरांच्या वंशावळी नोंदवणाऱ्या जातिसंघटनेला कळवावे लागते. माहितीपत्रकाच्या मराठी भाषांतरात या दोन शब्दांची सरमिसळ झाली, तर वाचणारा पशुपालक एक तर निर्दोष वळू विकून टाकील, नाही तर सदोष वंश वाढवीत राहील.

२००८मध्ये या मृत वासरांच्या वंशावळी इलिनॉय विद्यापीठातील जोनाथन बीव्हर यांनी तपासल्या, तेव्हा मातृ आणि पितृ अशा दोन्ही बाजूंनी धागे ‘जी. ए. आर. प्रिसिजन १६८०’ या १९९०मध्ये जन्मलेल्या, मोठ्या नावाच्या वळूपाशी जाऊन पोचले. त्याचे वीर्य असंख्य कळपांत वापरले गेले होते. दोष डीएनएच्या सुमारे तेवीस हजार अक्षरांचा एक तुकडाच गळून पडल्याचा होता. पण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून, आणि त्यांतली दुसरी प्रत शाबूत असल्यामुळे त्या वळूच्या अंगावर दोषाची खूणही नव्हती. पाठ्यपुस्तके अशा जनुकाला ‘अप्रभावी’ म्हणतात. मेलेले वासरू समोर पडले असताना तो शब्द वापरवत नाही. मी ‘दबलेले’ म्हणेन.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतले, त्या शब्दाकडे येतो. ‘वंश’ म्हणजे मुळात बांबू. आपल्या घरावरचा ‘वासा’ हे याच ‘वंश’चे मराठी रूप आहे, आणि औषधातले ‘वंशलोचन’ बांबूच्याच पोटातून निघते. बांबूवरून कुळाचा अर्थ कसा आला, याचे संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्स यांचे स्पष्टीकरण असे की, पेरामागून पेर यावे तशी पिढीमागून पिढी येते. हे स्पष्टीकरण टेबलाशी बसून केलेले वाटते. पेरे उसालाही असतात, मग कुळाला ‘इक्षु’ का म्हटले नाही? माझ्या मते ही उपमा पेराची नाही, बेटाची आहे. कळकाच्या बेटातल्या काठ्या वर वेगवेगळ्या दिसतात, पण जमिनीखाली त्यांचा कंद एकच असतो. तो कित्येक दशके मुकाट राहतो आणि मग एका वर्षी सगळे बेट एकदम फुलून मरते. त्यातला कंद कोणी उपटून दूर दुसऱ्या गावी लावला असेल, तर तोही बहुधा त्याच सुमारास फुलतो. डोळ्यांना न दिसता मुळातून चालत आलेली आणि अनेक घरी एकाच वेळी प्रकटलेली गोष्ट, हाच तर ‘वंश’चा गाभा आहे. प्रिसिजन १६८०च्या नातवंड-पतवंडांचे मीलन ठिकठिकाणच्या कळपांत होऊ लागले, तेव्हा याहून वेगळे काय घडले? आपल्याकडच्या ‘बडा घर, पोकळ वासा’ या म्हणीत कुळ आणि बांबू हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसले आहेत, हा मला योगायोग वाटत नाही. मोनियर-विल्यम्स यांनी ही म्हण ऐकली असती, तर पेरांपाशी थांबले नसते.

जाता जाता, ‘पेडिग्री’ हाच शब्द ठेवावा असे सुचवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, तो जुन्या फ्रेंचमधल्या ‘क्रौंचाचा पाय’ या शब्दांवरून आला आहे. वंशवृक्ष काढताना जी तीन फाट्यांची खूण करीत, ती पक्ष्याच्या पायासारखी दिसे. सुंदर आहे, पण आपल्याकडे ‘वंशावळ’ असताना क्रौंचाला तसदी कशाला?

राहिला मूळ प्रश्न. अशा वळूला ‘आनुवंशिक व्यंगाचा वाहक’ किंवा नुसते ‘वाहक वळू’ म्हणावे. वाहक गाईशी त्याचा संयोग झाला, तर सरासरीने चारांतले एक वासरू बाधित, दोन वाहक आणि एक मुक्त निघते. मुक्त गाईशी झाला, तर बाधित वासरू निघतच नाही, फक्त निम्मी वासरे वाहक होतात. संघटनेच्या नोंदींतील ‘एएमएफ’, ‘एएमसी’ आणि ‘एएमए’ या खुणांसाठी (‘एएम’ म्हणजे अर्थ्रोग्रायपोसिस मल्टिप्लेक्स) अनुक्रमे ‘मुक्त’, ‘वाहक’ आणि ‘बाधित’ हेच शब्द वापरावेत. ‘रोगवाहक वळू’ मात्र लिहू नये. रोगवाहक डास असतो.