मानपानाचा दावा

रत्नागिरी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये तू आपल्याच अशिलाच्या बोलण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलेस, आणि दुपारी उलटतपासात अडखळल्यावर "फाइल आदल्या रात्रीच उघडली होती" असे चार जणांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालास. चारचौघांत दिलेला सल्ला नुसता झोंबतो, म्हणून पत्र लिहितो आहे.

नकलेबद्दल फार लिहीत नाही. दुसऱ्याला खाली बसवले की आपण घटकाभर उंच वाटतो, आणि ती घटका सरली की नवे गिऱ्हाईक शोधावे लागते. तुझा म्हातारा अशील दारातच उभा होता. सगळे आपल्यालाच हसताहेत हे लक्षात आल्यावर त्याने टोपी काढून झटकली आणि पुन्हा नीट बसवली.

मला जास्त काळजी वाटते ती आदल्या रात्रीच्या फाइलीची. ती फाइल तुझ्याकडे पंधरवडाभर होती. स्टीव्हन बर्गलस आणि एडवर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही विद्यार्थ्यांना सुटणारे आणि काहींना न सुटणारे प्रश्न दिले, सगळ्यांनाच उत्तम गुण मिळाल्याचे सांगितले आणि पुढच्या चाचणीपूर्वी दोन औषधांतून निवड करायला लावली: एक बुद्धी तल्लख करणारे, दुसरे मंद करणारे, असे सांगून. ज्यांना आपले यश आपल्या कर्तृत्वाचे नाही अशी शंका होती, त्यांच्यातल्या मुलग्यांचा ओढा मंद करणाऱ्या औषधाकडे दिसला, कारण पुढे अपयश आलेच तर दोष औषधावर टाकता येत होता. तुझी न वाचलेली फाइल हे तसलेच औषध आहे. त्याने अब्रू वाचते, पण आपल्याला खरोखर किती येते हे कधीच कळत नाही, आणि वकिलीत ते न कळता वर्षे निघून जाऊ शकतात.

"अमुक न्यायमूर्ती आमच्या गावचे" हे पालुपदही आवर. त्यांच्या अभ्यासाचे श्रेय गावाला वाटून मिळत नसते.

याच वृत्तीचे प्रौढ रूप तुला आपल्या ऑफिसात रोज दिसेल. शिमग्यात पालखी आधी कोणाच्या अंगणात यावी, यावरून भावकीत फूट पडते आणि चाकरमानी तारखेसाठी मुंबईहून रजा काढून येतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ९ प्रमाणे मालमत्तेचा किंवा पदाचा हक्क वादात असेल तर दावा चालतो. कोणत्याही पदाशी न जोडलेला निव्वळ मान न्यायालय मिळवून देत नाही. हे पहिल्या भेटीत सांगितले की पक्षकार हिरमुसतो, आणि मग तोच वाद बांधाचा म्हणून दाखल होतो. साक्षी सुरू झाल्या की मोजणीचा नकाशा बाजूला राहतो आणि कोणी कोणाला लग्नाची अक्षत दिली नव्हती हेच बाहेर येते. अशा हट्टापायी पिकती हापूसची बाग विकलेली माणसे मी पाहिली आहेत. निकाल बाजूने लागला तरी त्यांचे समाधान होत नाही, कारण समोरचा अजून वाडीत ताठ मानेने फिरत असतो. (आपली फी अशाच दाव्यांतून येते, हे तू मनात म्हणशील. येते, म्हणूनच पहिल्या भेटीत खरे सांगण्याची जबाबदारीही आपली.)

सोमवारी मनाई अर्जाची सुनावणी आहे. आपल्या बाजूचे सगळे कच्चे दुवे एका कागदावर लिहून शनिवारी मला दाखव. युक्तिवाद तूच करायचा आहेस. अर्ज फेटाळला गेला तर कोणत्या मुद्द्यावर फेटाळला गेला हे अशिलाला तूच सांगायचे, आणि तेव्हा न्यायाधीशांच्या स्वभावाविषयी काही बोलायचे नाही. मोजणी नकाशाची प्रत कपाटाच्या वरच्या खणात आहे. फेरफाराचे उतारे मात्र तलाठ्याकडून आणावे लागतील, ते उद्याच आण.

तुझा शुभचिंतक