वाचकांचे प्रश्न : लॉगिन एकदाच, पण लॉगआउटचे काय?

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेत ग्रंथालय, रजा आणि भांडार अशी तीन वेब ॲप्लिकेशन्स असून ती जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये लिहिलेली आहेत. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असल्यामुळे कर्मचारी वैतागले होते, म्हणून कीक्लोक हे लॉगिन सांभाळणारे सॉफ्टवेअर बसवून तिन्हींसाठी एकच लॉगिन करायचे मी ठरवले. माझ्या लॅपटॉपवर सर्व सुरळीत चालले; सर्व्हरवर मात्र ‘इनव्हॅलिड पॅरामीटर : रीडायरेक्ट यूआरआय’ (परतीचा पत्ता अमान्य) एवढेच दिसू लागले. कीक्लोकमध्ये क्लायंटच्या, म्हणजे ॲप्लिकेशनच्या, सेटिंगमध्ये परतीच्या पत्त्याच्या जागी नुसती ‘*’ ही खूण टाकल्यावर ती अडचण गेली. आता वेगळीच तक्रार येते. कार्यालयातल्या सामाईक संगणकावर एका लिपिकाने लॉगआउट केल्यानंतर दुसऱ्याने लॉगिनचे बटण दाबले, तर पासवर्ड न विचारताच पहिल्या लिपिकाचे खाते उघडते. चूक कोठे आहे? — एक वाचक, सातारा

उत्तर : तक्रारीकडे वळण्यापूर्वी ती ‘*’ आजच काढून टाका. लॉगिन झाल्यावर कीक्लोक ब्राउझरला ज्या पत्त्यावर परत पाठवते, त्या पत्त्याला ऑथरायझेशन कोड (लॉगिन झाल्याचा एकदाच चालणारा परवाना) जोडलेला असतो. नुसती ‘*’ ठेवल्यास कोणीही स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता घालून लॉगिनची लिंक बनवू शकतो आणि तुमच्या कर्मचाऱ्याचा कोड त्याच्याकडे जातो. क्लायंट सिक्रेट (ॲप्लिकेशनचा गुप्त शब्द) आणि पीकेसीई (लॉगिन सुरू करणाराच कोड वापरतो आहे, याची तपासणी) असल्यास चोरलेला कोड वापरणे अवघड होते हे खरे, पण म्हणून दार सताड उघडे ठेवण्याचे कारण नाही.

मूळ दोष बहुधा तुमच्या प्रॉक्सीत, म्हणजे ॲप्लिकेशनपुढे बसून विनंत्या आत पोहोचवणाऱ्या सर्व्हरमध्ये, आहे. एरर आलेल्या पानाचा संपूर्ण पत्ता ॲड्रेस बारमधून उचलून एखाद्या साध्या एडिटरमध्ये चिकटवा आणि ‘रीडायरेक्ट यूआरआय’ या पॅरामीटरपुढे काय आहे ते अक्षर अक्षर वाचा. तेथे ‘एचटीटीपी’ दिसेल आणि तुम्ही नोंदवलेल्या पत्त्यात ‘एचटीटीपीएस’ असेल, असा माझा कयास आहे. तुमचा प्रॉक्सी एन्जिनएक्स असेल असे धरतो; ते बाहेरून एचटीटीपीएस स्वीकारते, पण आत जँगोला साध्या एचटीटीपीने विनंती देते. त्यामुळे जँगो परतीचा पत्ताही ‘एस’विना तयार करते. लॅपटॉपवर मध्ये प्रॉक्सीच नव्हता, म्हणून तेथे काही बिघडले नाही. एन्जिनएक्समधून ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हा हेडर (मूळ विनंती एचटीटीपीएसने आली का, हे सांगणारी ओळ) पाठवा, जँगोमध्ये ‘सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर’ ही सेटिंग करा आणि बाहेरून कोणी हाच हेडर पाठवला तर एन्जिनएक्स तो पुसून स्वतःचाच लिहिते आहे, याची खात्री करा. मग नेमका पत्ता नोंदवला की काम होते. शेवटच्या तिरप्या रेघेचाही फरक धरला जातो, हे ध्यानात असू द्या.

आता लॉगआउटविषयी. सिंगल साइन-ऑनमध्ये लॉगिन एकदा होत असले, तरी सेशन (लॉगिन चालू असल्याच्या नोंदी) दोन असतात : एक तुमच्या ॲप्लिकेशनचे आणि दुसरे कीक्लोकचे, आणि दोघांच्या कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) वेगवेगळ्या. तुमचे लॉगआउटचे बटण केवळ पहिले सेशन मोडते. पुढच्या लिपिकाने लॉगिन दाबताच ब्राउझर कीक्लोककडे जातो, तेथील कुकी अजून शाबूत असते आणि कीक्लोक ‘ही व्यक्ती आत्ताच येऊन गेली आहे’ असे समजून नवा कोड देऊन टाकते. हे सर्व इतक्या लवकर घडते की लॉगिनचे पान डोळ्यांना दिसतच नाही. कीक्लोकच्या दृष्टीने यात काहीच चुकलेले नाही. एकदाच लॉगिन व्हावे, हेच तर आपण त्याला सांगितले होते.

म्हणून स्वतःचे सेशन मोडल्यानंतर ब्राउझरला ओपनआयडी कनेक्टच्या (कीक्लोक आणि ॲप्लिकेशन ज्या मानकाने बोलतात त्याच्या) एंड-सेशन, म्हणजे सेशन संपवण्याच्या, पत्त्यावर पाठवावे, सोबत लॉगिनच्या वेळी मिळालेले आयडी टोकन (लॉगिन कोणी केले ते सांगणारी, कीक्लोकची सही असलेली चिठ्ठी) द्यावे आणि परतीचा पत्ताही द्यावा. लॉगआउटनंतरच्या परतीच्या पत्त्यांची नोंद कीक्लोकमध्ये निराळी करावी लागते. आयडी टोकन न दिल्यास कीक्लोक ‘खरोखर लॉगआउट करायचे आहे का?’ असे विचारणारे पान दाखवते आणि घाईत असलेला माणूस ते तसेच सोडून उठतो.

एवढ्याने सामाईक संगणकाचा प्रश्न अर्धाच सुटतो, कारण त्याच लिपिकाने सकाळी उघडलेल्या भांडाराच्या ॲप्लिकेशनचे सेशन अजून जिवंत असते. त्यासाठी बॅक-चॅनल लॉगआउट सुरू करावे : कीक्लोकमधून लॉगआउट झाले की त्याचा सर्व्हर प्रत्येक ॲप्लिकेशनला थेट निरोप देतो आणि ॲप्लिकेशनने त्या निरोपातील सेशन क्रमांकावरून आपले सेशन शोधून मोडायचे असते. जँगोची सेशन सर्व्हरच्या बाजूला, उदाहरणार्थ डेटाबेसमध्ये, असतील तरच हे जमते; सेशनचा सर्व मजकूर कुकीतच ठेवला असेल, तर सर्व्हरकडे मोडण्याजोगे काही उरत नाही.

मुदतीही जुळवून घ्या. कीक्लोकमध्ये मुळात 30 मिनिटे काही हालचाल न झाल्यास सेशन संपते आणि कमाल मुदत 10 तासांची असते; जँगोची सेशन कुकी मात्र काही न बदलल्यास 2 आठवडे टिकते. म्हणजे सोमवारी नोकरी सोडलेल्या माणसाचे कीक्लोकमधले खाते तुम्ही त्याच दिवशी बंद केले, तरी त्याच्या घरच्या ब्राउझरमध्ये रजेचे ॲप्लिकेशन पुढच्या सोमवारीही उघडेल. जँगोची मुदत एका कामाच्या दिवसापेक्षा जास्त ठेवू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : एकाच लॉगिनकडे जाताना जुनी खाती ईमेलवरून जोडली आहेत. हे पुरेसे आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्या दिवसापुरते पुरेसे आहे, कायमचे नाही. अनेक कार्यालयांत लेखा विभागाचा ईमेल पत्ता खुर्चीबरोबर पुढच्या माणसाकडे जातो. ईमेल हीच ओळख मानली, तर नव्याने रुजू झालेल्या लिपिकाला आधीच्या लिपिकाच्या रजा, त्याचे अधिकार आणि त्याच्या नावावरची न परतलेली पुस्तकेही मिळतील. ओपनआयडी कनेक्टच्या मानकानुसार व्यक्तीची ओळख टोकनमधील ‘आयएसएस’ (टोकन कोणी दिले) आणि ‘सब’ (देणाऱ्याकडचा त्या व्यक्तीचा ओळखक्रमांक) या दोन मूल्यांच्या जोडीवरूनच धरावी. पहिल्या लॉगिनला ईमेल पडताळलेला आहे असे टोकन सांगत असेल, तरच जुने खाते जुळवावे, त्याच क्षणी ‘सब’ साठवावा आणि त्यानंतर ईमेल केवळ पत्रव्यवहारापुरता ठेवावा. तयार लायब्ररी वापरत असाल तर तिचा हा भाग उघडून वाचा, कारण काही लायब्ररी मुळात ईमेलवरच जुळवणी करतात. कीक्लोकमधून खाते पुसून त्याच व्यक्तीचे नवे काढल्यास ‘सब’ बदलतो. तेव्हा दीर्घ रजेवर गेलेल्यांची खाती पुसू नका, निष्क्रिय करा.

प्रश्न : सॅमल घ्यावे की ओपनआयडी कनेक्ट? — एक वाचक, पणजी

उत्तर : नवे ॲप्लिकेशन स्वतः लिहीत असाल तर ओपनआयडी कनेक्ट. सॅमल 2.0 हेही एकाच लॉगिनसाठीचे, पण 2005 चे मानक आहे. त्यातील एक्सएमएल सह्यांची पडताळणी हाताने लिहिण्याच्या फंदात कोणी पडू नये. ओपनआयडी कनेक्ट 2014 मध्ये आले आणि जवळपास प्रत्येक भाषेत त्याच्या लायब्ररी आहेत. समोरच्या संस्थेची यंत्रणा केवळ सॅमलच जाणत असेल, तर कीक्लोकला मध्ये दुभाषी म्हणून बसवा : ते तिकडे सॅमल बोलेल आणि तुमच्याशी ओपनआयडी कनेक्ट.