समरला कॅल्क्युलस की साइन लँग्वेज? आणि फॉर्म नक्की कुणाचा?

पत्र: मावशी, आम्ही मूळचे पुण्याचे, आता कॅलिफोर्नियात बे एरियात. मुलगी ऑगस्टमध्ये अकरावीत जाईल. इथे हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचे) क्लास घेता येतात, आणि मंडळातल्या एका मुलाने असे 30 युनिट (म्हणजे कॉलेजचे क्रेडिट) करून ठेवलेत. म्हणून मी म्हटलं या समरला कॅल्क्युलस आणि सी प्लस प्लस प्रोग्रॅमिंग दोन्ही उरकून टाक, तर म्हणते घेईन तर साइन लँग्वेज, नाहीतर काहीच नाही. लायब्ररीत व्हॉलंटियरिंगला जाते तिथे एक छोटा मुलगा येतो, त्याला ऐकू येत नाही, तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. नवरा म्हणतो फुकट आहे ते सोडायचं नाही. सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात, शाळेत असताना कॉलेज कसलं? मी तिचा फॉर्म अर्धा भरून ठेवलाय, त्यासाठी तिच्या नावाने नवीन ईमेल पण काढलाय, हे कळल्यापासून चार दिवस धड बोलत नाहीये. जुलैत तीन आठवडे पुण्याला जायचंय, तिकिटं काढलीत. अकरावीला पाच एपी (शाळेतलेच कॉलेजच्या पातळीचे विषय) घेतलेत. काय करू?

अगं, आधी तो ईमेल. तो डिलीट कर, आजच. कारण तुमचं भांडण कॅल्क्युलसवरून नाहीच आहे, तिच्या नावाने कॉलेजात दुसरंच कुणीतरी ॲडमिशन घेतंय यावरून आहे, आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबर आहे. आई म्हणून तुझी सही लागते ना, ती कर, शाळेच्या काउन्सेलरची पण लागते आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्येक टर्मला नव्याने लागते. पण सीसीसी अप्लायवरचा (कम्युनिटी कॉलेजांच्या अर्जाची साइट) अर्ज तिचा, अकाउंट तिचं, पासवर्ड तिचा.

आता हे नुसतं माझं मत नाही हं. आत्ता तू रोज संध्याकाळी शाळेचं पोर्टल, एरीज नाहीतर पॉवरस्कूल, उघडून बघत असशील, कुठलं होमवर्क मिसिंग आहे, कशात किती टक्के. कॉलेजात ते सगळं बंद. 1974 चा फर्पा नावाचा कायदा आहे, मूल कॉलेजात शिकायला लागलं की त्या कॉलेजच्या रेकॉर्डवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो, मग वय सोळा असलं तरी. तिच्या लेखी परवानगीशिवाय कॉलेज सहसा तुला काही सांगणार नाही, आणि तू प्रोफेसरना मेल टाकलास तर फार फार तर नम्र नकार येईल. पंधरा दिवसांनी क्विझ बुडाली तर बोलायला तिलाच जायचंय, ऑफिस अवर्सना (प्रोफेसर भेटतात त्या वेळेला), आजूबाजूला वीस-पंचवीस-चाळीस वर्षांची माणसं असताना. जिच्यासाठी तू अर्जसुद्धा भरतेस ती हे कसं करणार?

सासूबाईंचा प्रश्न मला फार आवडला, कारण त्यातच सगळी गोची आहे. आपण सगळ्याच दहावीनंतर सोळाव्या वर्षी कॉलेजात गेलो, अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, लेक्चर बंक, कॅन्टीन, आणि अकरावीचे मार्क आज तुला तरी आठवतात का गं? कुणी कधी विचारलेसुद्धा नाहीत. त्यामुळे आपल्या डोक्यात कुठेतरी असतं की घेऊन बघू, नाही जमलं तर सोडू. इथे तसं नाही. या समरला तिला सी किंवा डी मिळाला तर तो तिच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर कायमचा. पुढे यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, अर्ज भरताना तो दाखवावाच लागतो, लपवला आणि नंतर कळलं तर मिळालेली ॲडमिशनही जाऊ शकते. एपी परीक्षेत दोन आले तर बऱ्याच ठिकाणी तो स्कोअर न पाठवता भागतं. इथे ती सोय नाही. पहिल्या काही दिवसांत ड्रॉप केला तर खूण राहत नाही, तारीख उलटली की डब्ल्यू (क्लास सोडल्याचा शेरा) लागतो, आणि ती पण तारीख उलटली की जो येईल तो ग्रेड. या तारखा तिने स्वतःच्या फोनमध्ये टाकायच्या. तिच्या, तुझ्या नव्हे.

आता तुझं उरकून टाकणं बघू. कॅलिफोर्नियात एक युनिट म्हणजे वर्ग आणि अभ्यास धरून कमीत कमी 48 तासांचं काम असं धरतात. कॅल्क्युलस 5 युनिटचा असेल तर झाले 240 तास, समर सेशन सहा आठवड्यांचं असेल तर आठवड्याला 40, म्हणजे पूर्णवेळ नोकरी. सी प्लस प्लस 4 युनिटचा धरला तर आठवड्याला आणखी 32. बहात्तर तास! आणि त्यात जुलैत तीन आठवडे पुणे?? ऑनलाइन घेऊ म्हणशील, तर रात्री 11:59 ची डेडलाइन पुण्यात दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराची होते, म्हणजे बरोबर मावशी-काकू जेवायला बोलावतात ती वेळ. शिवाय काही परीक्षांना ठराविक वेळेला कॅमेऱ्यासमोर बसावं लागतं. नको. समर सोडून द्या, तिला आजीकडे लोळू दे.

फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टपासूनच्या सेमिस्टरला, एकच क्लास घेऊ दे, आणि तो साइन लँग्वेजच. थांब, लगेच कपाळाला हात लावू नकोस. यूसीला अमेरिकन साइन लँग्वेज दुसरी भाषा म्हणून चालते, स्पॅनिश-फ्रेंचसारखीच. असिस्ट नावाची अधिकृत साइट आहे, तिथे आपल्या कॉलेजचं नाव आणि कोर्स नंबर घालून बघ, यूसी ट्रान्सफरेबल (यूसीत क्रेडिट धरतात असा) दिसला आणि यूसीच्या एजी विषयांत (ॲडमिशनसाठी लागणाऱ्या शाळेच्या विषयांत) बसत असला की यूसी जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना त्याला ऑनर्सचा जादा पॉइंट मिळतो, म्हणजे ए आला तर चारऐवजी पाच. कॅल्क्युलसच्या ए ला पण तेवढाच. या जादा पॉइंटांना आठ सेमिस्टरची मर्यादा आहे, आणि पाच एपी घेणारी मुलगी ती तशीही भरून काढणार. मग कशासाठी ओढाताण? गणिताची तिला गोडी असेल तर शाळेतही कॅल्क्युलस आहेच ना.

आणि माझ्या मते विषयापेक्षा कारण बघावं. जी मुलगी लायब्ररीतल्या त्या छोट्याला गोष्ट कळावी म्हणून भाषा शिकायची म्हणते ती मंगळवारी रात्री साडेनऊला दमून परत आली तरी गुरुवारी पुन्हा जाईल. आईने कोंबलेल्या सी प्लस प्लससाठी जाईलच असं नाही (मंडळातल्या त्या 30 युनिटवाल्याला पण विचारा कधीतरी, त्यातले किती त्याने स्वतः निवडले होते ते. त्याच्या आईला नको, त्याला).

सेमिस्टर साधारण सोळा आठवड्यांचं धरलं तर 4 युनिटला आठवड्याचे बारा तास होतात. ते येणार कुठून? पाचातला एक एपी कमी करून. इथे तुला त्रास होणार मला माहितीये, पण पाच एपी अधिक कॉलेज अधिक व्हॉलंटियरिंग हे वेळापत्रक मी तरी कुणाला देणार नाही. कुठला कमी करायचा ते ती आणि काउन्सेलर ठरवतील.

नवऱ्याला सांग, फुकट आहे हे खरं, शाळेत असताना 11 युनिटपर्यंत घेणाऱ्यांना युनिटमागचे 46 डॉलर बहुतेक कॉलेजं माफ करतात. पण पुस्तकं आणि किरकोळ फिया असतातच. तुम्ही अजून एच-4 वर (एच-1 वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असाल तर रेसिडेन्सीचं, म्हणजे कॅलिफोर्नियाचे रहिवासी धरतात की नाही, ते ॲडमिशन ऑफिसला आधी विचारून घ्या, मागाहून बिल आलं की घरात वेगळंच महाभारत. आणि भविष्यात प्रत्येक युनिटचे पैसे वाचतील असंही धरू नका. यूसी आणि कॅल स्टेटमध्ये (राज्याच्या दुसऱ्या सरकारी युनिव्हर्सिटीत) ट्रान्सफरेबल कोर्स चालतात, प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या आपापलं बघतात, कित्येक तर शाळेच्या डिप्लोमासाठी मोजलेला क्लास परत मोजतच नाहीत. बाकी युनिट जास्त झाले म्हणून यूसी तिला ट्रान्सफर स्टुडंट (दुसऱ्या कॉलेजातून आलेली) धरेल अशी भीती कुणी घातली तर दुर्लक्ष कर, हायस्कूल संपायच्या आधी केलेल्या युनिटमुळे फ्रेशमनपण जात नाही.

एक अडचण येईल. शाळेतल्या मुलांना रजिस्ट्रेशनचा नंबर सहसा सगळ्यात शेवटी मिळतो, तोवर संध्याकाळचे क्लास भरलेले असतात. वेटलिस्टला नाव घालायचं, पहिल्या दिवशी वर्गात हजर राहायचं आणि प्रोफेसरकडे ॲड कोड (वर्गात नाव घालायचा नंबर) मागायचा. पहिल्याच दिवशी दांडी मारली तर नाव काढून टाकतात. तो कोड मागताना ती अडखळेल, दोन वाक्यं इंग्रजीत घरी म्हणून बघेल, तेव्हा तू स्वयंपाकघरातच थांब. नाहीच मिळाली जागा तर स्प्रिंगला, पुढच्या सेमिस्टरला, बघा.

आज रात्री तिला एवढंच सांग की ईमेल काढून टाकला, अर्ज तू भर, सहीला मला हाक मार. सॉरीचं लांबण लावू नकोस, पोरींना ते आवडत नाही. आणि क्लास रात्रीचा असेल तर पार्किंगचे पैसे वेगळे पडतात का तेवढं बघून ठेव, न्यायला-आणायला बहुतेक तुलाच जावं लागणार.