सातारा जिल्ह्यात राहून जलरंग चित्रकार म्हणून आयुष्य काढता येतं का?

तुम्ही लिहिलंय की एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, झालीय, गाव कोरेगावजवळ आहे, जलरंग सोडवत नाही आणि घरचे म्हणतात एक तर पुण्याला जा, नाहीतर नोकरी बघ. शिवाय चित्रकाराचे दिवस, सण, प्रवास हे सगळं कसं असतं तेही विचारलंय. मी वाईत राहते. जवळजवळ वीस वर्षं फक्त जलरंगात काम करते आणि त्यातूनच घरखर्चातला माझा वाटा उचलते. माझ्या अनुभवापुरतं सांगते.

माझं वर्ष पाडव्यालाच सुरू होतं. गुढी उभारली, कडुनिंबाचा कोवळा पाला तोंडात टाकला, सासूबाईंना नमस्कार केला की मी बोर्ड आणि रंगाची पेटी घेऊन गणपती घाटावर जाते. 2006 पासून हा नेम आहे. एकच जागा, एकच वेळ, कागदाचं मापही एकच, पाव शीट. इतर दिवशी घरून बाटलीतलं पाणी नेते, पण पाडव्याच्या चित्राला पाणी कृष्णेचंच. चैत्रात पात्र आटलेलं असतं, पाणी हिरवट आणि संथ असतं. ऊन पायऱ्यांवर उतरायला लागलं की जेमतेम पाऊण तास हातात असतो. नंतर सावल्या आखूड होतात आणि दगड सपाट दिसायला लागतो.

2020 साली पाडवा 25 मार्चला आला आणि त्याच दिवशी टाळेबंदी सुरू झाली. घाटावर जाणं शक्यच नव्हतं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद ताणला, देवघरातल्या तांब्यातलं पाणी घेतलं आणि आठवणीतून घाट काढला. हात आपोआप चालला. कुठली पायरी खचलीय, कुठल्या दगडाचा कोपरा उडालाय, सावली कुठवर येते, सगळं जिथल्या तिथे उतरलं. पण त्या सकाळी घाटावर चिटपाखरू नव्हतं आणि माझ्या चित्रात धुणं धुणाऱ्या दोन बायका येऊन बसल्या. जलरंगात एकदा लागलेलं पुसता येत नाही, आणि मला पुसायचंही नव्हतं. ते चित्र मी विकलेलं नाही, विकणारही नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं: मी वाईत राहिले म्हणून ते चित्र झालं. एक जागा इतकी अंगात मुरायला तिथे राहावंच लागतं.

आता कामाचं. जलरंगात चित्रकाराचं घड्याळ म्हणजे कागदाचा ओलावा. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, दिल्यावर कागद आधी चकाकतो, मग चकाकी जाते पण आत ओल असते, मग तो कोरडा होतो. मधल्या घडीत दुसरा रंग सोडला तर कडा मऊ येते, उशीर झाला तर कडक येते, आणि घाईत जास्त पाण्याचा ब्रश टेकवला तर फुलकोबीसारखा डाग फुटतो. मी हाताची मागची बाजू कागदाजवळ नेते. गार लागलं तर थांबते. एप्रिलमध्ये सकाळी अकराला वॉश कागदाच्या खालच्या टोकाला पोचेपर्यंत वरचा वाळलेला असतो. श्रावणात तोच कागद तासभर ओला राहतो. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. आपल्या गावच्या हवेत बसून तो शिकायचा असतो.

वाईचा काळा दगड काढायला मी काळा रंग वापरत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळते. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो. पांढरा रंगही माझ्या पेटीत नाही. घाटावर वाळत घातलेलं पांढरं धोतर म्हणजे न रंगवलेला कागदच. ते कुठे असणार हे पहिल्या फटकाऱ्याआधी ठरवावं लागतं, नंतर आठवलं तर काही करता येत नाही. कागदावर मात्र पैसे वाचवू नका. शाळेत कॅमलच्या वड्यांवर आपण सगळेच शिकलो आणि त्यावर उत्तम सराव होतो, पण विकायच्या चित्राला 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, पूर्ण कॉटन कागद आणि उन्हात न उडणारे रंग हवेतच. माझ्या सुरुवातीच्या चित्रांतला अलिझरिन क्रिमसन उडाला आणि एका काकूंच्या दिवाणखान्यातली संध्याकाळ पांढुरकी झाली. मी ते चित्र परत आणलं आणि नवं करून दिलं.

सणांचं म्हणाल, तर आमच्याकडे सण म्हणजेच विषय. माघापासून कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव एकेका घाटावर होत पुढे सरकतो. मांडव, ओटी भरायला आलेल्या बायका, जेवणाच्या पंगती. मी पंगतीला बसते, वाढायला लागते आणि मग एका कडेला वही उघडते. ओळखीची माणसं असल्यामुळे कोणी अवघडत नाही. रंगपंचमीला जवळच्या बावधनचं बगाड असतं, म्हणजे नवस फेडणाऱ्याला, बगाड्याला, उंच शिडाला बांधून बैलांनी ओढलेला लाकडी गाडा. तिथे बसून जलरंग करणं माझ्याच्याने झालेलं नाही, कारण बैल कुणासाठी थांबत नाहीत. ‘काशिनाथाचं चांगभलं’चा गजर उठतो, शेतातून धुरळा उडतो आणि उंच शिडाला बांधलेला बगाड्या डोक्यावरून पुढे निघून जातो. मी पेनाने भराभर रेषा घेते, रंग घरी. एका वर्षी मोह आवरला नाही, बांधावर बसून आकाशाचा वॉश टाकला आणि गाडा जवळून गेला. सगळा धुरळा ओल्या कागदावर बसला आणि तसाच वाळला. आजही त्या आकाशावर बोट फिरवलं तर माती लागते. मला ते चित्र फार प्रिय आहे.

दिवाळीत मात्र मी ब्रश बाजूला ठेवते. वाड्यातल्या पोरांचा मातीचा किल्ला लिंपायचा, त्यावर अळीव पेरायचे, बुरूज रंगवायचे. हे काम मला कुणीही दिलेल्या मोठ्या कामाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

प्रवास करावाच लागतो, पण मी तो मुख्यतः बघण्यासाठी करते. सर्वात आधी औंधला जा, तुम्हाला तर ते जवळच आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्र काढणारे राजे होते. त्यांनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं. तिथे रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. एका फेरीत सगळं बघू नका. मी दर वेळी एकाच दालनात थांबते.

मग कोल्हापूरला तिथलेच जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची कामं बघा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते परत आले आणि कोल्हापूरच्याच परिसरात, कोटितीर्थाच्या काठी चित्रं काढत राहिले. शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता, आपल्याला तो नाही, हा फरक मान्य आहे. पण रोजच्या पाहण्यातलं एक तळं माणसाला जन्मभर पुरतं, हे त्यांच्याकडे बघून पटतं.

आणि कधीतरी पैसे साठवून म्हैसूरला जा. जगनमोहन राजवाड्यात सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आहे, हातात समई घेतलेली मुलगी. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगात आहे! मी मिरजेहून रेल्वेने गेले होते. ज्योतीवर धरलेल्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड बघून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. जलरंग म्हणजे हलकंफुलकं, छंदाचं माध्यम, असं कुणी म्हणालं की मला ती बोटं आठवतात.

कासला सप्टेंबरात जातेच. 2012 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, गर्दी असते, फुलांत उतरायचं नसतं आणि उतरूही नये. वाटेच्या कडेला उभं राहून तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा पट्टा ओल्यात ओला सोडायचा. एकेक फूल काढायला गेलात तर पठार हातातून जातं. धुक्यात कागद वाळत नाही, म्हणून मी पोस्टकार्डाएवढाच घेते. मेणवलीचा घाट जवळ आहे, पण शूटिंग असलं की तिकडे फिरकू नका.

पैशाचं स्पष्ट सांगते. एकट्या चित्रविक्रीवर मी जगू शकले नसते. शनिवार-रविवार मुलांना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी शिकवते, त्यातून महिन्याचा किराणा सुटतो. बाकी मोठा भाग वाड्यांच्या चित्रांचा. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं वाडा पाडायच्या आधी फोन करतात. एक आजोबा माझ्या शेजारी खुर्ची टाकून चार तास बसले होते आणि प्रत्येक खिडकीला आत कोण झोपायचं ते सांगत होते. मी त्यातली एक खिडकी उघडी ठेवली, तिथे कागद कोरा सोडला. चित्र हातात आल्यावर त्यांनी आधी तीच खिडकी शोधली.

एकदा पाचगणीकडच्या एका हॉटेलने बारा चित्रं नेली आणि निम्मे पैसे आजवर दिले नाहीत. तेव्हापासून निम्मी रक्कम आगाऊ आणि दोन ओळींचा का होईना करार, हे मी नात्यातल्या माणसालाही चुकवू देत नाही. तुम्हीही पहिल्या कामापासून हेच ठेवा.

तेव्हा माझं मत असं: दोन वर्षं गाव सोडू नका. शिकवण्या घ्या, म्हणजे घरच्यांचा जीव भांड्यात पडेल. तुमच्या शिवारातली एक जागा निवडा, विहीर म्हणा, उसाची बांधावरची कड म्हणा, आणि बाराही महिने तीच काढा. प्रदर्शनासाठी पुणे-मुंबई करावी लागेल, ती पन्नास चांगली चित्रं हातात असताना करा.

येत्या पाडव्याला सकाळी सातला मी गणपती घाटावर असेन. घरची गुढी उभारून या. कागद माझ्याकडून, ब्रश तुमचा तुम्ही आणा.